हे पडताळता येईल का? मुलांना तथ्य आणि मत वेगळे करायला शिकवताना

तथ्य आणि मत यांतील फरक मुलांना समजावून सांगायचा म्हटले की बहुतेक वेळा एक सोपी व्याख्या दिली जाते: जे खरे असते ते तथ्य आणि जे कोणाला तरी वाटते ते मत. ही व्याख्या मुलांच्या चटकन लक्षात राहते, आणि पुढचा सगळा गोंधळ नेमका तिच्यातूनच उद्भवतो. ‘चीनची भिंत चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनी दिसते’ हे वाक्य मुलांपुढे ठेवून पाहावे. भिंत चंद्रावरून दिसत नाही हे ज्या मुलांना ठाऊक असते, ती मुले हे वाक्य खरे नाही म्हणून त्याला मत ठरवून मोकळी होतात. वास्तविक त्यात कोणाची आवडनिवड नाही की मूल्यमापन नाही. ते पडताळून पाहता येण्याजोगे आणि पडताळल्यावर खोटे ठरलेले विधान आहे. अशा विधानाला एकदा मत म्हटले की ‘ज्याचे त्याचे मत’ या सबबीखाली त्याला अभय मिळते आणि खोट्याला खोटे म्हणण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही.

म्हणून या लेखात मांडलेली पद्धत ‘हे खरे आहे का?’ या प्रश्नापासून सुरू होत नाही. पहिला प्रश्न ‘हे पडताळता येईल का, आणि कसे?’ असा आहे. विधानाचा प्रकार आधी ठरवायचा आणि खरेखोटेपणा नंतर तपासायचा, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडला की स्रोताची पारख करण्याचे निम्मे काम झालेले असते.

हे काम वाटते तितके सोपे नाही, याची कल्पना शिकवणाऱ्याला आधीच असलेली बरी. २०१८ साली ७९ देश व प्रदेशांतील १५ वर्षे वयाच्या सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांनी दिलेल्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत एका पुस्तक परीक्षणातील काही विधाने तथ्य आहेत की मत, असे विचारले होते. ही चाचणी घेणाऱ्या ओईसीडी या आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या सदस्य देशांत सरासरी ४७ टक्के विद्यार्थ्यांनाच हा फरक नीट ओळखता आला. मोठ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने ५,०३५ प्रौढांना काही विधाने दिली, त्यांत पाच तथ्यविषयक होती आणि पाच मते होती. पाचही तथ्यविषयक विधाने बरोबर ओळखणारे २६ टक्के होते आणि पाचही मते बरोबर ओळखणारे ३५ टक्के. शिवाय आपल्या राजकीय बाजूला सोयीचे विधान असेल तर ते मत असले तरी त्याला तथ्य म्हणण्याकडे लोकांचा कल दिसला. तेव्हा शिकवायला बसण्यापूर्वी पालकांनी आणि शिक्षकांनी हा सराव आधी स्वतःवर करून पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन.

पहिला टप्पा: सुटी वाक्ये आणि चार ढीग

सहा ते आठ वर्षांच्या मुलांना व्याख्या सांगूच नयेत. कागदाच्या पट्ट्यांवर एकेक वाक्य लिहावे, मुलाला ते मोठ्याने वाचायला लावावे आणि ‘हे खरे की नाही, हे आपल्याला कसे शोधता येईल?’ एवढेच विचारावे. ‘या खोलीला दोन खिडक्या आहेत’ या वाक्याचे उत्तर मोजून मिळते. ‘हत्ती उंदरापेक्षा जड असतो’ हे वजन करून कळेल. ‘निळा रंग सर्वांत सुंदर आहे’ या वाक्यापाशी मूल अडखळते, आणि त्याने तेथे अडखळावे हाच या सरावाचा हेतू आहे. मोजपट्टी, तराजू, नकाशा, कोश, प्रयोग यांपैकी कशानेही ज्याचा निकाल लागत नाही ते वाक्य वेगळ्या ढिगात ठेवायचे, इतके या वयात पुरेसे आहे.

नऊ वर्षांनंतर ढीग वाढवावे लागतात, कारण सगळी वाक्ये दोनच ढिगांत बसत नाहीत. पडताळून खरी ठरलेली विधाने पहिल्या ढिगात आणि पडताळून खोटी ठरलेली दुसऱ्या ढिगात ठेवावीत. तिसरा ढीग मतांचा. चौथ्या ढिगात भाकिते येतात, कारण ‘उद्या पाऊस पडेल’ हे आज तपासता येत नाही, उद्या मात्र नक्की येते. यांखेरीज काही वाक्ये व्याख्येवर अवलंबून असतात, आणि त्यांसाठी प्लूटोइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. ‘प्लूटोचा शोध १९३० साली लागला’ हे तथ्य आहे. ‘प्लूटो हा ग्रह आहे’ हे वाक्य २००६ पर्यंत पाठ्यपुस्तकांत होते. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रहांत गेला. आकाशातील प्लूटोमध्ये काहीच बदलले नव्हते, बदलली होती ती शब्दाची मर्यादा. ‘प्लूटोला पुन्हा ग्रह म्हणायला हवे’ हे मात्र मत आहे. एकाच विषयावरील ही तीन वाक्ये शेजारी शेजारी ठेवली की दहा-अकरा वर्षांची मुले त्यांवर अर्धा तास वाद घालू शकतात, आणि तो वाद घालू द्यावा.

या टप्प्यावर तीन चुका हमखास होतात. आकडा दिसला की मुले त्या वाक्याला तथ्य मानतात. त्यामुळे ‘९० टक्के लोकांना हेच आवडते’ हे वाक्य कोणी, कोणाला आणि किती जणांना विचारले याचा पत्ता नसतानाही तथ्याच्या ढिगात जाऊन बसते. दुसरी चूक ‘मला वाटते’ या शब्दांमुळे होते. ‘मला वाटते, देवमासा हा मासाच आहे’ हे बोलणाऱ्याने संकोचाने म्हटले असले तरी ते मत नव्हे; ते तपासता येणारे चुकीचे विधान आहे, कारण देवमासा सस्तन प्राणी आहे आणि त्याच्या मराठी नावातच ही फसवणूक बसलेली आहे. याउलट ‘हे जगातील सर्वांत सुंदर चित्र आहे’ या वाक्यात ‘मला वाटते’ कोठेही नाही, तरी ते निखळ मत आहे. तिसरी चूक म्हणजे बदललेल्या तथ्याला मत समजणे. एव्हरेस्टची उंची अनेक वर्षे ८,८४८ मीटर सांगितली जात होती, डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीन यांनी ती ८,८४८.८६ मीटर असल्याचे जाहीर केले. मोजमाप अधिक काटेकोर झाले म्हणून आकडा सुधारला. उंची ही आवडीनिवडीची बाब झाली नाही. ‘पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते’ हेही समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला खरे आहे आणि उंच पर्वतावर ते त्याहून कमी तापमानाला उकळते, हे सांगितले की तथ्यालाही अटी असतात ही गोष्ट मुलांना कळते.

दुसरा टप्पा: शब्दांत दडलेले मत

खरा कस येथे लागतो, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. छापील मजकुरात मत क्वचितच ‘मी मत आहे’ असे सांगत समोर येते. बहुतेकदा ते तथ्याच्या अंगावर एखाद्या लहानशा शब्दाच्या रूपाने चिकटलेले असते, आणि मराठीत तर अशा शब्दांची मुळीच कमतरता नाही. पुढील तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत: ‘सभेला २०० लोक आले.’ ‘सभेला तब्बल २०० लोक आले.’ ‘सभेला जेमतेम २०० लोक आले.’ आकडा तिन्ही वाक्यांत एकच आहे. मुलांना मधल्या शब्दावर अंगठा ठेवून वाक्य वाचायला सांगावे, मग अंगठा काढून पुन्हा वाचायला सांगावे, आणि दोन वाचनांत काय बदलले असे विचारावे. ‘तब्बल’ म्हणणाऱ्याला गर्दी मोठी वाटते आणि ‘जेमतेम’ म्हणणाऱ्याला ती थोडी वाटते. लोक मात्र तेवढेच आहेत. ‘अवघे’, ‘चक्क’, ‘अखेर’, ‘निव्वळ’ हे शब्द याच जातीचे. ‘अखेर निर्णय झाला’ या वाक्यातील पहिला शब्द उशीर झाल्याची तक्रार करतो, आणि ती तक्रार बातमीदाराची असते.

यानंतर कोणाचे तरी बोलणे सांगणारी क्रियापदे घ्यावीत. ‘त्यांनी सांगितले’, ‘त्यांनी दावा केला’, ‘त्यांनी कबूल केले’, ‘त्यांनी दाखवून दिले’ ही चारही वाक्ये एकाच उद्गाराबद्दल लिहिता येतात. ‘दावा केला’ म्हणताना लिहिणारा अविश्वास सुचवतो, ‘कबूल केले’ म्हणताना तो बोलणाऱ्याला दोषी ठरवून टाकतो, आणि ‘दाखवून दिले’ म्हणताना ते बोलणे खरे असल्याची हमी स्वतःच्या खिशातून देतो. एखाद्या बातमीतील अशी क्रियापदे मुलांना खोडायला लावावीत, त्यांच्या जागी सर्वत्र ‘म्हणाले’ लिहायला सांगावे आणि बातमी पुन्हा वाचावी. काही बातम्या या बदलानंतरही तशाच उभ्या राहतात. काहींचा निम्मा ताव तेथेच उतरतो.

याच ठिकाणी एक बारीक, पण महत्त्वाची गोष्ट सांगून टाकावी. ‘प्रशिक्षक म्हणाले की आमचा संघ सर्वोत्तम आहे’ या वाक्यात दोन विधाने एकात एक बसलेली आहेत. प्रशिक्षक तसे म्हणाले की नाही, हे तपासता येते. संघ सर्वोत्तम आहे की नाही, हे मत आहे. बातमी पहिल्या विधानापुरती अचूक असू शकते आणि वाचणारा नकळत दुसरे विधानही अचूक धरून चालतो. ‘की’ या अक्षरापाशी पेन्सिलीने उभी रेघ मारण्याची सवय लावली तर मुलांना हे दोन भाग सहज वेगळे दिसतात.

मराठीने आपल्याला एक शब्द मात्र फार प्रामाणिक दिला आहे, तो म्हणजे ‘म्हणे’. ‘उद्या सुट्टी आहे म्हणे’ असे बोलणारा स्वतःच कबूल करतो की ही माहिती ऐकीव आहे आणि तिची जबाबदारी त्याच्यावर नाही. लिखित भाषेत हा शब्द अदृश्य होतो आणि त्याच्या जागी ‘असे समजते’, ‘असे मानले जाते’, ‘जाणकारांच्या मते’, ‘सर्वश्रुत आहे’ असे भारदस्त प्रयोग येतात. अशा प्रत्येक प्रयोगाच्या जागी ‘म्हणे’ घालून वाक्य मोठ्याने वाचण्याचा खेळ मुलांना फार आवडतो. खेळ संपल्यावर विचारायचे: कोणाला समजले? कोण मानते? कोणते जाणकार?

तिसरा टप्पा: पूर्ण परिच्छेद

सुटी वाक्ये ओळखता आली म्हणजे परिच्छेद वाचता आला असे होत नाही, कारण परिच्छेदात वाक्ये एकमेकांना टेकून उभी असतात. सरावासाठी हा लहानसा मजकूर घ्या: ‘मुलांच्या वाचनालयाची वेळ एका तासाने कमी करण्यात आली आहे. वाचनालयात रोज सरासरी ६० मुले येतात. हा निर्णय दुर्दैवी आहे. त्यामुळे अनेक मुलांचे वाचन बंद पडणार आहे.’

पहिले वाक्य सूचना फलकावर किंवा वाचनालयातील कर्मचाऱ्यांना विचारून तपासता येते. दुसरेही तपासता येते, मात्र त्यासाठी नोंदवही पाहावी लागेल आणि सरासरी कोणत्या महिन्यांची काढली आहे हे विचारावे लागेल, कारण परीक्षेच्या दिवसांतील आणि सुट्टीतील गर्दी सारखी नसते. तिसरे वाक्य मत आहे. चौथे भाकीत आहे, पण ‘त्यामुळे’ या शब्दामुळे ते निष्कर्षासारखे दिसते. मुलांना विचारावे की कमी केलेल्या त्या एका तासात किती मुले येत होती, हे या मजकुरात आहे का. ते नाही. म्हणजे चौथ्या वाक्याला ज्या आधाराची गरज आहे तो आधार दुसरे वाक्य पुरवत नाही. ६० हा आकडा केवळ जवळ उभा असल्यामुळे पुरावा वाटतो. बारा वर्षांपुढील मुलांना या एका परिच्छेदातून जे शिकता येते, ते पन्नास सुट्या वाक्यांतून येणार नाही.

दोन रंगांच्या पेन्सिली वापराव्यात, एक तपासता येणाऱ्या विधानांसाठी आणि दुसरी मतांसाठी. एकाच वाक्याला दोन्ही रंग लागू शकतात हे आधीच सांगावे, नाहीतर मुले ‘तब्बल २००’ सारख्या जागी अडून बसतात.

चौथा टप्पा: मतांचेही वजन असते

इतका सराव झाल्यावर मुलांत एक वाईट सवय येण्याची भीती असते. ‘हे तर फक्त मत आहे’ असे म्हणून ती कोणतेही बोलणे उडवून लावू लागतात. रुग्णाला तपासून आणि त्याचे अहवाल पाहून शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही असे सांगणारे डॉक्टरही मतच देत असतात, आणि रस्त्याने जाणारा अनोळखी माणूस तेच म्हणाला तर तेही मतच. दोन्हींचे वजन सारखे नाही, कारण एका मताखाली निरीक्षणे आहेत आणि दुसऱ्याखाली काही नाही. म्हणून मतापाशी आल्यावर नवा प्रश्न विचारायचा: हे कशाच्या आधारावर उभे आहे?

मुलाने स्वतःचे एखादे मत लिहावे, त्याखाली त्याला आधार देणारी दोन तथ्ये लिहावीत आणि त्याच्या विरुद्ध जाणारे एक तथ्यही शोधून लिहावे. या शेवटच्या ओळीला मुले कुरकुर करतात. ती ओळ रिकामी सोडू देऊ नये.

पाचवा टप्पा: सांगणारा कोण

न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, ज्ञान मिळवण्याची चार साधने म्हणजे ‘प्रमाणे’ सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. आज आपण नातलगांना आप्त म्हणतो, पण तेथे आप्त म्हणजे ज्याला तो विषय स्वतः ठाऊक आहे आणि जसा ठाऊक आहे तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. स्रोत पारखण्यासाठी इतकी नेमकी कसोटी मुलांना शोधूनही मिळणार नाही, कारण तिच्यातून दोन स्वतंत्र प्रश्न मिळतात: याला हे कसे कळले, आणि जसेच्या तसे सांगण्यात याचे काही नुकसान आहे का, किंवा बदलून सांगण्यात फायदा आहे का? माल विकणाऱ्याला मालाची माहिती पुष्कळ असते, म्हणजे पहिल्या प्रश्नात तो उत्तीर्ण होतो आणि दुसऱ्यापाशी थांबतो. अपघात न पाहिलेल्या सज्जन शेजाऱ्याचे नेमके उलटे होते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात येणारा मजकूर आजच्या अर्थाने आप्ताचाच असतो. जुन्या अर्थाने तो आप्ताचा आहे का, हे दर वेळी पाहावे लागते.

जाहिरातीबाबत मुले विशेष फसतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासगटाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत माध्यमिक वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांनी ‘प्रायोजित मजकूर’ असे स्पष्ट छापलेली जाहिरात खरी बातमी समजली होती. मुलांना तो शब्द दिसत नव्हता असे नाही. त्याचा अर्थ कोणी सांगितलेला नव्हता. तेव्हा ‘प्रायोजित’, ‘सौजन्याने’, ‘जाहिरात’, ‘संपादकीय’, ‘वाचकांचा पत्रव्यवहार’ हे शब्द आणि त्या त्या मजकुराचे पैसे कोण देतो किंवा जबाबदारी कोण घेतो, हे वेगळे बसून समजावून द्यावे. अग्रलेख हे घोषित मत असते, आणि त्यात काही गैर नाही.

सहावा टप्पा: पान सोडून बाहेर पडणे

झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची माहिती देणारे एक संकेतस्थळ १९९८ पासून इंटरनेटवर आहे. तो प्राणी संपूर्णपणे काल्पनिक आहे. अमेरिकेतील सातवीच्या २५ विद्यार्थ्यांना एका अभ्यासात ते दाखवले, तेव्हा जवळजवळ सर्वांनी ते विश्वसनीय ठरवले. त्यात छायाचित्रे होती, अधिवासाचे वर्णन होते आणि प्राणी वाचवण्याचे आवाहनही होते. अशा वेळी पान कितीही बारकाईने वाचले तरी उपयोग होत नाही, कारण ते रचणाऱ्याने वाचकाला जे दिसायला हवे तेवढेच त्यात ठेवलेले असते.

स्टॅनफर्डच्याच सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्र्यू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणी करणारे आणि २५ विद्यार्थी अशा ४५ जणांना संकेतस्थळे पारखायला दिली. विद्वान इतिहासकारही पानाच्या देखण्या मांडणीला आणि अधिकृत वाटणाऱ्या नावाला भुलले. तथ्यपडताळणी करणाऱ्यांनी ते पान फारसे वाचलेच नाही. त्यांनी लगेच नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधले. मुलांना हीच कृती शिकवायची: संस्थेचे किंवा लेखकाचे नाव उचलायचे, बाहेर जायचे, दोन-तीन स्वतंत्र ठिकाणी त्याबद्दल पाहायचे आणि मगच परत येऊन वाचायचे. ‘स्वतंत्र’ या शब्दावर जोर द्यावा, कारण एकाच मजकुराच्या पाच नकला म्हणजे पाच पुरावे नव्हेत.

छायाचित्राच्या बाबतीत प्रतिमाशोधाची सोय वापरून तेच चित्र पूर्वी कोठे आणि केव्हा आले होते ते पाहावे. चित्र अस्सल आणि त्याखालची ओळ खोटी, हा प्रकार बनावट चित्राइतकाच लक्षात ठेवण्याजोगा आहे. चॅटबॉटच्या उत्तरामागे तर आप्त म्हणावा असा सांगणाराच नसतो. त्याने दिलेला संदर्भ उघडून, तो खरोखर अस्तित्वात आहे आणि त्यात तेच लिहिले आहे याची खात्री होईपर्यंत ते उत्तर ‘म्हणे’च्या ढिगात ठेवावे.

सराव किती आणि कसा

आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे पुरतात. रोजचा तास लावला तर मुले कंटाळतात आणि प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहू लागतात, आणि सगळ्यावर अविश्वास ठेवणारे मूल सगळ्यावर विश्वास ठेवणाऱ्या मुलाइतकेच असहाय असते. म्हणून सरावासाठी निवडलेल्या मजकुरांत निम्म्याहून अधिक मजकूर विश्वसनीय असावेत. ‘तपासले आणि बरोबर निघाले’ हा अनुभव मुलाला वारंवार यायला हवा. राजकारण किंवा श्रद्धा यांसारख्या तापलेल्या विषयांनी सुरुवात करू नये; प्राणी, खेळ, अवकाश, शाळेचे नियम हे विषय आधी बरे.

एक दिवस मूल वळून विचारील, ‘बाबा, हे तुम्ही कशावरून म्हणता?’ त्या क्षणी चिडलो तर आतापर्यंतचा सगळा खटाटोप वाया जातो. माहीत असेल तर आधार सांगावा, नसेल तर ‘मी ऐकले आहे, तपासलेले नाही’ असे स्वच्छ म्हणावे आणि दोघांनी मिळून शोधावे. घरात किंवा वर्गात एक वही ठेवावी. तिच्यात विधान, ते कोणाकडून आले, ते कसे तपासले आणि काय निघाले, एवढ्या चार गोष्टी तारखेसह लिहाव्यात. तिच्या पहिल्या पानावर मोठ्यांचेच एखादे चुकलेले विधान असेल, तर मुले ती वही आनंदाने भरतात.